चार लाखाचं पॅकेज, हातात साडेचोवीस हजार

आमच्याकडे स्थळाच्या बोलणीत शेती किती, त्यात ओलित किती, यानंतरचा प्रश्न आता पॅकेजचा असतो. पोरगा पुण्याच्या कंपनीत, पॅकेज चार लाखाचं, म्हणजे महिन्याचे तेहतीस हजार झाले, हा हिशेब बैठकीतलं कोणीही तोंडी करून मोकळं होतं. मग पगार खात्यात पडतो तो साडेचोवीस हजार. घरात कुजबुज सुरू होते, "मंग बाकीचे गेले कुठं? पोट्टं उडवत तं नाही ना?" पोट्ट्यालाही धड सांगता येत नाही, कारण रुजू होताना पस्तीस पानांवर सह्या झाल्या आणि वाचलं एकही नाही.

बाप शेतकरी असेल तर त्याला हे सालदारावरून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यावरून, चटकन कळतं. गुढीपाडव्याला सालदार ठेवताना रोख किती, ज्वारी किती, कपड्याचे जोड किती, चप्पल कोणाची, हे सगळं मिळून साल ठरतं. मालक चारचौघांत सांगतो तो सगळ्याची किंमत लावून आलेला मोठा आकडा, सालदाराच्या हाती महिन्याला पडते ती थोडी उचल. पॅकेज किंवा सीटीसी म्हणजे हाच मालकाच्या तोंडचा आकडा. वर्षभरात कंपनीचा तुमच्यावर होणारा सगळा खर्च त्यात धरलेला असतो, तुमच्या हाती न येणाराही.

नमुन्याला चार लाख उलगडून पाहू. बेसिक म्हणजे मूळ पगार महिना १५,०००, घरभाडे भत्ता ६,०००, विशेष भत्ता ५,५००. झाले २६,५००. याला ग्रॉस म्हणतात. वर्षाचे होतात ३,१८,०००. राहिले ८२,०००. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) महिना १,८०० प्रमाणे २१,६००, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ८,६५८, गटविम्याचा (कंपनीने काढलेल्या आरोग्य विम्याचा) हप्ता ११,७४२ आणि कामगिरीवर मिळणारे ४०,०००. शेवटचा आकडा नीट पाहून ठेवा. तो वर्ष संपल्यावर साहेबाच्या शेऱ्यानुसार पूर्ण, अर्धा किंवा शून्यही येऊ शकतो. पॅकेजमध्ये मात्र तो पूर्ण मोजलेला असतो. आता २६,५०० मधून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेले की उरतात २४,५००. आयकर नाही. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही.

व्यवसाय कराचं एक गमतीचं आहे. फेब्रुवारीच्या पगारात दोनशेऐवजी तीनशे कापले की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, शंभर जास्त कसे? राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, की बेरीज बरोबर जमते. पगार २५,००० पर्यंत असलेल्या महिलांना महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे. तरी एखादं लहान ऑफिस जुन्याच सवयीने कापत राहतं, तेव्हा मुलींनी पगारचिठ्ठी जरूर पाहावी. हा कर राज्यात १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. म्हणजे पुण्यातल्या पोट्ट्याच्या दोनशे रुपयांचं मूळ गावाकडच्या रोहयोच्या कामात आहे.

आता पीएफ. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच. वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे कापतात, तेवढेच कंपनी घालते. कंपनीने कायद्यापुरताच पीएफ भरायचं ठरवलं तर हिशेब १५,००० च्या मर्यादेवर होतो, म्हणून १,८०० हा आकडा सगळीकडे दिसतो. आता पासबुक उघडा. तुमच्या रकान्यात १,८००, कंपनीच्या रकान्यात फक्त ५५०. इथं लोक चिडतात. "काहो, कंपनीनं तं माये साडेबाराशे खाल्ले!" खाल्ले नसतात. शेजारी पेन्शनचा तिसरा रकाना असतो, त्यात १,२५० दिसतील. कंपनीच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, उरलेले तुमच्या पीएफला. पेन्शनच्या रकान्यावर व्याज धरत नाहीत, ते पैसे शिलकीतही दिसत नाहीत. व्याज मिळतं ते पहिल्या दोन रकान्यांवर, २०२४-२५ साठी ८.२५ टक्के दराने.

या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ती दहा वर्षं एकाच कंपनीत असावी लागत नाही. नोकरी बदलताना जुनं खातं नव्या खात्यात वळवलं की सेवा जोडली जाते. आपल्याकडची मुलं नेमकं उलटं करतात. चाकणला तीन वर्षं केली, गावी आली, पेन्शनसकट पीएफ काढून मोटारसायकल घेतली, परत दुसरीकडे लागली, परत काढला. दर वेळी सेवेची पाटी कोरी. शिवाय पाच वर्षं सलग सेवा व्हायच्या आत काढलेली रक्कम करपात्र धरतात. बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन अशी गरज असली तर काढावी, त्यासाठी आगाऊ रकमेची सोय आहेच. पण नोकरी सुटली म्हणून लगेच खातं रिकामं करायचं काही कारण नाही.

पीएफ अडकतो तो बहुतेक वेळा नावावरून. आधारवर "ज्ञानेश्वर", टीसीवर "ध्यानेश्वर", कंपनीने टाकलं "डी. के." आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. लग्नानंतर मुलीचं आधार बदललं, पीएफमध्ये माहेरचंच राहिलं. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही. नावाच्या गोष्टी नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्याव्या, तारीख सोडता सोडता भरून घ्यावी. तेव्हा एचआर फोन तरी उचलतो.

पीएफसोबत एक विमा आपोआप येतो. गावात त्याचं नाव क्वचितच कोणाला ठाऊक असतं. ईडीएलआय म्हणतात त्याला. तुमच्या पगारातून त्यासाठी एक पैसा कापत नाहीत, कंपनी अर्धा टक्का भरते. नोकरीत असताना सदस्याचा मृत्यू झाला, मग तो कारखान्यात असो, दवाखान्यात असो की सुटीत शेतावर साप चावून असो, तर वारसाला रक्कम मिळते. कमाल ७ लाख. ठोकळ हिशेब असा: सरासरी मासिक वेतनाची ३५ पट, अधिक पीएफ शिलकीच्या सरासरीचा अर्धा भाग, तोही जास्तीत जास्त पावणेदोन लाख. १४,००० वेतनाच्या कामगाराचे नुसत्या पहिल्या भागाचे ४,९०,००० होतात. ठेकेदार हे सांगायला घरी येत नाही. तेराव्याला आलेले लोक कंपनीने किती मदत दिली ते विचारतात, या विम्याचा फॉर्म भरला का हे कोणी विचारत नाही. नामांकन ऑनलाइन भरून ठेवा. लग्नाआधी आईच्या नावाने भरलेलं नामांकन लग्न झाल्यावर रद्द ठरतं, पुन्हा भरावं लागतं.

१४,००० चा कामगार म्हटला की मुद्दा पुण्याच्या ऑफिसातून विदर्भातल्या फाटकापाशी येतो. कोरपना-गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, बुटीबोरीची एमआयडीसी, हिंगणघाट-वणीच्या जिनिंग, भंडारा-गोंदियाच्या राइस मिल. इथं बरेच जण ठेकेदाराकडून लागलेले असतात, पॅकेज हा शब्दच नसतो, हजेरी आणि पेमेंट असतं. त्यांचा हिशेब साधा आहे. १४,००० वर पीएफ १,६८०, ईएसआय (कामगार राज्य विमा) १०५, व्यवसाय कर २००, हातात १२,०१५.

त्या १०५ रुपयांबद्दल लोक उगाच कुरकुर करतात. कापले जाणाऱ्या पैशांत सगळ्यात जास्त परत देणारे तेच आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० पर्यंत वेतन असणाऱ्याला ईएसआय लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. त्यात बायको-मुलांसह कुटुंबाचे उपचार आले, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन आलं, बाळंतपणाचे २६ आठवडे आले. अडचण अंतराची आहे. कागदावर सगळं मिळतं, पण ईएसआयचा दवाखाना तालुक्याला असेलच असं नाही आणि मोठं रुग्णालय नागपुरात. बुटीबोरीच्या कामगाराला ते परवडतं, जिवतीच्या कामगाराचा जाण्यायेण्यातच एक रोज बुडतो. तरी कार्ड काढून घरच्यांची नावं आणि फोटो चढवून ठेवाच. नावं चढवलेली नसतात म्हणून ऐन वेळी परत पाठवलेली माणसं तालुक्याच्या गावात कितीतरी भेटतात.

आणि ठेकेदाराची एक जुनी खोड. कामगाराच्या पगारातून १२ ऐवजी २४ टक्के कापायचे, स्वतःचा वाटाही कामगाराच्याच बोकांडी मारायचा आणि वर "पीएफ भरतो ना तुमचा" म्हणायचं. हे सरळ बेकायदेशीर आहे. मालकाचा वाटा कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. फाटकावर तिचा सिक्युरिटीवाला "तुमचं आमचं काही नाही" म्हणून हाकलत असला तरी.

कोळसा खाणींतल्या कायम कामगारांचा मामला वेगळा. त्यांचा भविष्य निर्वाह निधी कोल माइन्स प्रॉव्हिडंट फंडात असतो, ईपीएफओच्या, म्हणजे बाकीच्यांचा पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर तो शोधून सापडणार नाही.

ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे. शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. १५,००० वर पाच वर्षांचे ४३,२६९. पाच वर्षांच्या आत राजीनामा दिला तर काही नाही. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट लागत नाही. म्हणजे पॅकेजमधले ते वर्षाचे ८,६५८ दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यायची तरतूद आली. भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असाही नियम आला. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर "हातात येणारा पगार कमी होणार" असे निरोप फिरले. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापला जात असेल तर या नियमाने तो वाढत नाही. ग्रॅच्युइटी मात्र वाढू शकते, कारण तिला ती मर्यादा नाही. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता करायचा आणि नेमणूकपत्र द्यायचं, हेही संहितांमध्ये आहे. नेमणूकपत्र न देता वर्षानुवर्षं राबवून घेणाऱ्या दुकानदारांच्या आणि संस्थांच्या हे किती पचनी पडेल, ते पाहायचं.

घरून काम ही गोष्ट २०२० च्या मार्चात सगळ्यांनाच कळली. कॉल सेंटरसारख्या कामांना ती कायद्याने सोपी झाली ती नोव्हेंबर २०२० मध्ये, दूरसंचार विभागाने नियम सैल केल्यावर. त्याआधी अशा कंपन्यांना माणूस घरी बसवून काम करून घ्यायचं तर कटकटी फार होत्या. नागपूरच्या मिहानसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांसाठी २०२२ मध्ये वेगळा नियम आला. पण एक लक्षात घ्या, घरूनच काम द्या असा हक्क सांगणारा सर्वसाधारण कायदा नाही. कामगार कायद्यांत एका ठिकाणी त्याचा स्पष्ट उल्लेख येतो. बाळंतपणाची रजा संपल्यावर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, दोघांच्या संमतीने घरून काम देता येतं. तिथंही संमतीच.

त्यामुळे सगळं नेमणूकपत्रातल्या "कामाचे ठिकाण" या ओळीवर येऊन थांबतं. तिथं पुणे लिहिलं असेल आणि घरून काम ही नुसती ईमेलवर दिलेली सवलत असेल, तर कंपनी दुसऱ्या ईमेलने ती काढू शकते. तुम्ही पुण्याची खोली सोडलेली, गावात वायफाय बसवलेलं, बायकोने तालुक्याला शिकवणी सुरू केलेली, याचा त्या ईमेलशी संबंध नाही. काही कंपन्या कायमचे गावी राहतो म्हटलं की ठिकाण बदलून भत्ताही कमी करतात. विचारायचं ते आधी विचारा आणि लेखी घ्या: ठिकाण कोणतं, परत बोलावलं तर किती दिवसांची सूचना, ऑफिसात यावं लागलं तर प्रवासखर्च कोणाचा.

पैशाने पाहिलं तर गाव फायद्याचं दिसतं. धरा, पुण्यात वाटून घेतलेली खोली, मेस आणि बस यांत अकरा हजार जातात. २४,५०० चे उरले साडेतेरा. गावात खोली नाही, मेस नाही. पण इन्व्हर्टर आहे, त्याची बॅटरी आहे, दुसऱ्या कंपनीचं सिम आहे. एप्रिल-मे मध्ये टिनाच्या खोलीत लॅपटॉप तापून बंद पडतो, म्हणून दिवसभर कूलर आहे आणि त्याचं बिल आहे. वीज-इंटरनेटचा खर्च कंपनीने दिलाच पाहिजे असा कायदा नाही, देत असेल तर ते तिचं धोरण.

खरा घाटा रोहिणी-मृगात होतो. पहिलं वादळ आलं, फांदी तारेवर पडली, डीपी उडाली. लाइनमन येतो तोवर रात्र. पोट्टं गच्चीवर मोबाइल धरून हॉटस्पॉट शोधतंय आणि तिकडं पुण्यातल्या प्रणालीत लॉगिनचे तास कमी भरलेले. तास भरले नाहीत की अर्धी रजा, रजा संपली की बिनपगारी. २६,५०० ग्रॉसवर तीस दिवसांच्या महिन्यात एक बिनपगारी दिवस ८८३ रुपयांचा. साहेबाला "लाइट नव्हती" हे कारण वाटत नाही, कारण त्याच्या सोसायटीत जनरेटर आहे. अशा वेळी महावितरणच्या तक्रारीचा क्रमांक किंवा बंद असल्याचा संदेश त्याच दिवशी ईमेलने पाठवून ठेवलेला बरा. महिन्याअखेरी तोंडी सांगून काही होत नाही.

गटविम्याचंही तसंच. पॅकेजमध्ये ११,७४२ मोजले, कार्ड आलं, पण कॅशलेस रुग्णालयांची यादी उघडली की पुण्याची पानंच्या पानं आणि आपल्या जिल्ह्याला दोन-तीन नावं. सिरोंच्याच्या किंवा धारणीच्या माणसाला जवळचं नाव कैक तासांवर. पुण्यात राहणाऱ्याला आणि गावात राहणाऱ्याला हप्ता सारखाच पडतो, लाभ सारखा पडत नाही. आईवडील विम्यात आहेत का, खोलीभाड्याची मर्यादा किती, पैसे आधी भरून मागून मिळतात का आणि किती दिवसांत, हे रुजू होताच विचारावं. नोकरी सुटली की हा विमाही सुटतो, म्हणून घरचं रेशनकार्ड आणि आधार जुळवून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा रस्ताही मोकळा ठेवावा.

सुट्यांच्या यादीत पोळा नसतो. पुण्याच्या यादीत गणपती भरपूर, पोळ्याला मात्र आपलं पोरगं बैल सजवायचे सोडून मीटिंगमध्ये. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकान-आस्थापनांना महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा वर्षाला आठ पगारी सणसुट्या द्यायला लावतो. त्यातल्या चार ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बाकी चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या असतात. नागपूरच्या ऑफिसात विदर्भातले दहा-वीस जण असतील तर डिसेंबरमध्येच पोळ्याचं नाव पुढं करा. ऑगस्टात मागून तो मिळत नाही. याच कायद्यात आठ दिवसांची किरकोळ रजाही आहे, ती वेगळी.

शेवटचं काम मोबाइलवर दोन मिनिटांचं आहे. मालकाने पीएफचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. वीस तारखेला पासबुक पाहायचं. पगारातून कापले आणि पासबुकात आले नाहीत, असं सलग दोन महिने दिसलं तर ऑनलाइन तक्रार टाकायची. त्याला नागपूर किंवा अकोल्याला जायची गरज नाही. ऑनलाइन जमत नसेल तर ईपीएफओचं "निधी आपके निकट" शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरतं, ठिकाण आधी विचारून घ्यायचं. जाताना आधार, यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक), पगारचिठ्ठ्या आणि हजेरी कार्ड घ्या. ठेकेदार पगारचिठ्ठी देतच नसेल तर बँकेचं पासबुक छापून घ्या. पगार खात्यात येत असेल तर तो कोणी टाकला, ती नोंद त्यात सापडते.